उत्तरेकडचा अर्धा माळ

शेळ्यांना नोटीस वाचून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

श्रावणातली दुपार. माळाच्या कडेला सायकल आडवी टाकून आमच्या हिवरमाळचे तलाठी निसळ भाऊसाहेब उभे होते. समोर दहा-पंधरा शेळ्या आणि एक बोकड. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सरकारी कागद, आणि खणखणीत आवाजात वाचन चाललेलं : "येणेप्रमाणे सदरहू गायरानाच्या उत्तर भागात मृग नक्षत्रापासून दसऱ्यापर्यंत सरकारी कामाखेरीज शिरण्यास, जनावरे सोडण्यास, दगड उचलण्यास अगर जमीन नांगरण्यास मनाई असून, कोणीही इसमाने…" शेळ्या चरत होत्या. बोकड मात्र ऐकत असावा असं मला वाटलं.

"भाऊसाहेब, हे काय?"

"नोटीस बजावतोय."

"शेळ्यांना?"

"मालक हजर नाही. नोटीस जागेवर, अतिक्रमण करणाऱ्याच्या कानावर पडेल अशा आवाजात वाचावी, असा नियम आहे. अतिक्रमण कोण करतंय, गुरुजी? मी?"

मालकीण चांगली हजर होती. गयाबाई तरवडाच्या झुडपाआड तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत बसली होती. वाचन संपल्यावर ती उठून पुढं आली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "भाऊसायेब, पुन्यांदा वाचा की. त्या काळीला नीट ऐकू न्हाई आलं."

आणि भाऊसाहेबांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली. पहिल्यापासून.

मी त्या वेळी हिवरमाळच्या शाळेत मास्तर होतो. जामखेडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. एसटी थांबते ती ड्रायव्हरची दया म्हणून. शाळेच्या भिंतीला भिंत लावून निसळांची खोली होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, गावचे नकाशे ठेवलेली पत्र्याची पेटी आणि भिंतीला टेकवलेली सायकल. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. शेजारी म्हणून मला त्यांच्याबद्दल माया वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मला त्यांचा फक्त संताप यायचा.

कारण काय विचारता? आमच्या शाळेच्या आवाराची भिंत पावसात ढासळली. मी दोन बैलगाड्या भरून माळावरचे दगड आणवले. आता माळावरचा दगड म्हणजे कुणाच्या बापाचा? पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब दारात. "गुरुजी, दगड परत ठेवा."

"अहो, शाळेसाठी आणलेत! सरकारी शाळा, सरकारी दगड!"

"तो सुटा दगड नाही, बसलेला दगड आहे. त्याच्या खाली सरडे असतात, किडे असतात. ते पाखराचं खाणं. जागेवर चला, दाखवतो."

"जागेवर चला" हे त्यांचं पालुपद. कुणी काहीही सांगो, भाऊसाहेब सायकलवर टांग टाकून म्हणणार, "जागेवर चला." कुणाचं बांधाचं भांडण असो, कुणाची विहीर असो, जागेवर चला. एकदा मी सहज म्हणालो, आज भाजीत मीठ जास्त पडलं, तर हा गृहस्थ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा.

तर मी जागेवर गेलो. दोन्ही गाड्या दगड परत नेले. बरं, नुसते ओतून यायचे म्हणता? छे! माळावर दगड जिथून उचलला तिथं त्याच्या आकाराचा ओला खळगा राहतो. भाऊसाहेब दगड हातात घेणार, खळग्यात बसवून बघणार आणि म्हणणार, "हा इथला नाही." दिवस मावळेपर्यंत मी, एक शिकलासवरलेला माणूस, दगडांना त्यांची घरं शोधून देत होतो.

हे पाखरू म्हणजे माळढोक. मोठा, उंच मानेचा, गवतातून माणसासारखा रमतगमत चालणारा पक्षी. घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर वर्षाला एकच अंडं घालतो, आणि त्यावरून बैलगाडी गेली की वर्ष संपलं. भाऊसाहेब बदलून आले त्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांना उत्तरेकडच्या माळावर अंड्यावर बसलेली मादी दिसली. त्यांनी ग्रामपंचायतीकडून ठराव करून घेतला : मृगापासून दसऱ्यापर्यंत अर्धा माळ बंद. तेव्हा आमच्या सरपंचांनी, म्हणजे बाजीराव अण्णांनी, हसत हसत सही केली. पाखरासाठी माळ बंद, यात त्यांना गंमत वाटली. ठराव प्रांतसाहेबांकडं गेला. त्यांनी मंजूर केला, पण खाली एक ओळ लिहिली : दर वर्षी दसऱ्यापूर्वी तलाठ्यानं पक्षी प्रत्यक्ष पाहून दोन पंचांसमक्ष नोंद करावी, पक्षी न आढळल्यास बंदी संपुष्टात यावी.

ही ओळ लक्षात ठेवा. माझ्या तर काळजावर कोरली गेली आहे.

ठराव झाला आणि भाऊसाहेबांनी तो पाळायला सुरुवात केली, हीच गावाची पंचाईत झाली. ठराव काय, आमच्याकडं पुष्कळ होते. ते पाळायचे असतात हे कुणाला माहीत नव्हतं. पोळ्याला आमच्याकडं बैलांची मिरवणूक हलगी वाजवत माळावरून मारुतीला जायची. भाऊसाहेबांनी ती नाल्याच्या कडेनं वळवली. गाव खवळलं. "बामनाचा बैल कधी हुता का, तवा त्याला पोळ्याचं कळंल!" असं लोक तोंडावर बोलले. भाऊसाहेबांनी चपला काढून सायकलला अडकवल्या आणि मिरवणुकीच्या पुढं अनवाणी चालायला लागले. नाल्याचा चिखल, बाभळीचे काटे, पण हा माणूस सगळ्यांच्या पुढं. मारुतीला पोचल्यावर ओट्यावर बसून काटे काढत म्हणाले, "वाट लांबची आहे, मान्य. पण मी आधी चाललोय."

गाव त्यांच्यावर उखडून असायला आणखी एक कारण होतं. पाहणी. म्हणजे कुणाच्या शेतात कोणतं पीक उभं आहे ते तलाठ्यानं शेतोशेत फिरून बघायचं आणि लिहायचं. कायद्यात असं आहे. प्रत्यक्षात काही तलाठी चावडीत चहा पितात, समोर बसलेला सांगेल ते पीक रकान्यात लिहितात आणि घरी जातात. मला या प्रकाराची चीड आहे. अरे, पगार कशाचा घेता? निसळ मात्र वावर न् वावर तुडवायचे. एकदा अण्णांचा निरोप आला, मळ्यातल्या पट्टीला गहू लिहा. भाऊसाहेब जागेवर गेले, तिथं नुसतं तण, आणि लिहून आले : "कुंदा व हरळी. गहू आढळला नाही." अण्णांनी महिनाभर त्यांच्या रामरामाला उत्तर दिलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत या असल्या ओळींपायी माणसानं अकरा गावं बदलली होती.

मग बहात्तर साल आलं.

त्या वर्षीचं काय सांगायचं! मृग गेला, आर्द्रा गेली, ढग यायचे आणि पाहुण्यासारखे पाणी न पिता जायचे. विहिरींचे तळ दिसले. गावाच्या दक्षिणेला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि निम्मं गाव तिथं खडी फोडायला जायला लागलं. गयाबाईही त्यातच. तिच्या शेळ्यांतल्या चारच उरल्या होत्या.

अण्णांना अशा वेळी खडीची खाण सुचली. जागा? उत्तरेकडचा माळ. रस्त्याला लागून, दगड वर, उचलायला सोपा. अर्जात लिहिलं, दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून. माझं पित्त खवळलं. काम दक्षिणेला चालू होतं, माणसं तिथं जात होती, आणि खाणीचा ठेका कुणाच्या मेव्हण्याला मिळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भुकेल्या माणसांची नावं पुढं करून आपली गाडी हाकायची, यापरता निलाजरेपणा नाही.

अर्ज अभिप्रायासाठी भाऊसाहेबांकडं आला. त्यांनी काय करावं? पहार आणि हातोडा घेऊन चार दिवस सगळं शिवार पालथं घातलं. जागोजाग दगड फोडून बघितला. पाचव्या दिवशी अभिप्राय दिला : "गावात खडीस सर्वांत योग्य दगड सरपंच बाजीराव यांच्या स्वतःच्या पडीक जमिनीत असून तीही रस्त्यालगत आहे. तेथे खाण काढण्यास हरकत दिसत नाही."

चावडीत हे वाचलं गेलं तेव्हा लोक छताकडं बघत होते. अण्णा तांबडेलाल झाले. पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शांतपणे म्हणाले, "भाऊसायेब, प्रांतसायबाची अट वाचा. पाखरू दिसलं तर बंदी. यंदा दिसलं का?"



दिसलं नव्हतं. गवत उगवलं नाही, किडे नाहीत, सरडे नाहीत, माळढोक कशाला येईल? भाऊसाहेब रोज सकाळी आणि दिवस मावळताना माळावर जायचे. कधी मला ओढून न्यायचे. आम्ही बांधाआड पालथे पडून तासन्‌तास बघायचो. वाळलेलं कुसळ, धूळ, आणि लांबवर मृगजळ. भाद्रपद संपला तरी तेच. एक दिवस मी वैतागून म्हणालो, "अहो, नाही आलं! कशाला जीव टाकताय? माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पाखराची वाट बघताय!"

ते उसळून म्हणाले, "यंदा पाऊस नाही म्हणून नकाशातली नदी पुसता का तुम्ही? मुलं शेतावर गेली म्हणून शाळा पाडता का? ते यंदा नाही आलं. पुढच्या वर्षी येईल तेव्हा इथं खड्डा असला तर त्यानं कुठं जायचं? कुणाकडं अर्ज करायचा?"

त्याचा मला आणखीच राग आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तालुक्याहून साहेब आले. चावडी भरली. अण्णा पुढच्या घोंगडीवर, मागं गाव, दाराशी बायका. साहेब घाम पुसत म्हणाले, "निसळ, नोंद काय आहे?"

भाऊसाहेबांनी वही उघडून समोर ठेवली. साहेबांनी मोठ्यानं वाचलं : "आश्विन शुद्ध पंचमी. सकाळी. उत्तर माळ. माळढोक, मादी, एक. उभी असलेली प्रत्यक्ष पाहिली."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. पंचमीच्या सकाळी मी त्यांच्या शेजारी पालथा पडलो होतो! त्या सकाळी माळावर कावळाही नव्हता. मी भाऊसाहेबांकडं बघितलं. ते पायांकडं बघत होते. बावीस वर्षं ज्यानं कुंद्याला कुंदा लिहिलं, त्या माणसानं खोटी ओळ लिहिली होती.

"पंच कोण?" साहेबांनी विचारलं. "सह्या दिसत नाहीत."

भाऊसाहेबांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. खोटं लिहिणं जमलं होतं. दुसऱ्याला त्यात ओढणं त्यांना जमलं नव्हतं. अण्णा हसले. "पंच कुटनं आनतील, सायेब? पाखरूच न्हाई तर!"

तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "म्या हाय की पंच. म्या पायलं."

गयाबाई. खडीच्या धुळीनं पांढरी झालेली. ती सरळ आत आली.

"काय पाहिलंस?" साहेब म्हणाले.

"पाखरू. लई मोठं. ह्ये एवढं. मान अशी वर काडून हुबं हुतं. माज्याकडं बघितलं, म्या बी बघितलं."

"गये, खोटं बोलतीस!" अण्णा ओरडले.

"खोटं कशापाई बोलू? अन्ना, समद्या शिवारात काडी न्हाई. त्या माळावर बंदी हाय म्हनून तितं वाळकं कुसळ तरी उभं हाय. उद्या दसऱ्याला बंदी उठली की माज्या चार शेळ्या त्यावरच जगायच्यात. खान झाली तर त्या काय खडी खातील?" आणि तिनं अंगठा पुढं केला. "कुटं लावायचा, सांगा."

साहेबांनी अंगठा घेतला. मग मान वर केली. "आणि दुसरा?"

गयाबाईनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी रोज वर्गात खरं बोलावं म्हणून सांगणारा माणूस. पण समोर अण्णांचा तो हसरा चेहरा होता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी," मी म्हणालो. "पंचमीला सकाळी मी भाऊसाहेबांबरोबर जागेवर होतो."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. साहेबांनी पुढं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सही केली. एवढी गिचमिड सही मी जन्मात केली नसेल. अण्णा म्हणाले, आत्ता माळावर जाऊन बघू या. साहेबांनी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि वही मिटली. खाण रद्द झाली.

संध्याकाळी मी भाऊसाहेबांच्या खोलीत गेलो तो त्यांना फाडून खायला. मला यात ओढलंत, माझ्या सहीची माती केलीत, असं बरंच काही मनात जुळवून गेलो होतो. ते खाटेवर बसून कागद लिहीत होते. बदलीचा अर्ज होता.

"हे कशाला?"

"ज्यानं एक खोटी ओळ लिहिली, त्यानं अण्णांच्या गव्हाला कोणत्या तोंडानं कुंदा म्हणायचं? या गावात माझी पाहणी संपली, गुरुजी."

"मग लिहिलीत कशाला? एका पाखरासाठी?"

त्यांनी टाक पुसून ठेवला. मग म्हणाले, "मी आलो की माणसं उठून जातात. तुम्ही बघितलंय. पारावरून उठतात, बांधावरून उठतात, हॉटेलात मी शिरलो की बाकडं रिकामं होतं. अकरा गावांत हेच. त्यांचं चुकतं असं नाही. मी काय लिहीन याची त्यांना भीती. या गावात पहिल्या पावसाळ्यात माळावर गेलो तर ती समोर अंड्यावर बसलेली. मी जागच्या जागी थांबलो. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आणि उठली नाही." त्यांनी चष्मा काढला. "इतक्या वर्षांत मला बघून न उठलेली ती एकटीच."

जुळवून आणलेलं भांडण मी तिथंच सोडलं. राग मात्र कमी झाला नाही. तो फिरला. दुष्काळात पाहुणा आला नाही म्हणून त्याचं घर खणून काढा, ही अट ज्यानं टेबलाशी बसून लिहिली त्याच्यावर फिरला. तो राग मी अजून पाळून आहे.

भाऊसाहेबांची बदली नेवाशाकडच्या एका गावात झाली. निरोपाला एसटीवर मी होतो आणि गयाबाई होती. नवा तलाठी आला, चांगलं पोट सुटलेला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माळ गुडघाभर हिरवा झाला, आणि भाद्रपदात एका सकाळी मला ती दिसली. अंड्यावर. मी धावत चावडीत गेलो. नवा तलाठी म्हणाला, "दिसली ना? बसा, लिहून टाकतो." मी त्याच्यावर असा काही ओरडलो की तो चहा अर्धा टाकून माझ्याबरोबर माळावर आला. मग मी निसळांना कार्ड टाकलं.

त्या रविवारी सकाळच्या एसटीतून ते उतरले. आणखी वाळलेले, हातात एक छत्री. मी म्हणालो, "चला!" पण रस्ता ओलांडून माळाच्या हद्दीच्या दगडापाशी ते थांबले.

"मला आत येता येणार नाही, गुरुजी. मनाई आहे. मी आता या गावचा कोणी नाही. तुम्ही पंच आहात, तुम्हाला चालतं. तुम्ही जा, बघून या."

"अहो, चाळीस मैल कशाला आलात मग?"

"जा म्हणतो ना!"

मला हसावं की यांना धरून हलवावं कळेना. शेवटी मी गेलो. बांधाआडून बघितलं, परत आलो. ते त्याच दगडापाशी, छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. माझ्या चेहऱ्याकडं बघत होते.

"आहे," मी म्हणालो. "बसलीय."

"उठली नाही?"

"नाही उठली."

ज्यानं बावीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर एक ओळ लिहिली नव्हती, त्या माणसानं हळूच मान हलवली. मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "किती अंतरावरून बघितलंत?"

"असेल तीस पावलं."

"तीस? तीस! अहो, काही अक्कल आहे का? शंभराच्या आत जायचं नाही! ती अंडं सोडून गेली असती म्हणजे? शिकवता काय तुम्ही शाळेत?"

एसटी येईपर्यंत ते मला बोलत होते. एसटीत बसल्यावर खिडकीतून बोलत होते. गाडी हलली तरी हात बाहेर काढून शंभर पावलं म्हणजे किती ते ते मला दाखवत होते, आणि दुसऱ्या हातानं छत्री धरलेली असल्यामुळं गालावरून ओघळणारं पाणी त्यांना पुसता येत नव्हतं.